मामाचा हात

माझा मामा अडलेल्या गाई सोडवायचा. वासरू जिवंत निघालं, की कोपरापर्यंत माखलेला हात गल्लीभर मिरवायचा, "हा हात बघा, हात!" मेलं, की वर बोट करायचा, "देवाची मर्जी." मला किळस यायची, ती रक्ताची नव्हे.

एकदा शेजारच्या म्हातारीची एकुलती एक गाय अडली. वासराचा एक पाय आत दुमडलेला होता. तो आधी सरळ करायचा असतो, पण बघ्यांची गर्दी बघून मामाला चेव आला. त्यानं दोरी बांधून हिसकाच मारला. वासरू मेलं, गाय आडवी झाली.

"देवाची मर्जी," मामा म्हणाला.

मामी पचकन थुंकली. "जगलं की तुमचा हात, मेलं की देवाची मर्जी! देव काय तुमची घाण काढायला ठेवलाय?"

मामाची मान खाली गेली. "आजी, पाय दुमडलेला मला कळला होता. तरी ओढला."

"मग बस इथंच," म्हातारी म्हणाली. "गाय उठेपर्यंत हलायचं नाही."

मामा शेणामुतात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी गाय उठली. लोक म्हणाले, "वाचवलीस रे!"

"मी मारत होतो," मामा म्हणाला आणि त्यानं वर बोट केलं. "वाचवली त्यानं."