प्रुफातली बहीण

आमच्या प्रकाशनातल्या मुद्रितशोधकांना सगळे 'वेलांटी' म्हणत. बारीक अंगकाठी, वाचून वाचून पाठीला आलेला बाक. तेही हसून ओ देत. शिक्षण जेमतेम दहावी. पण इतिहास म्हणा, समाजशास्त्र म्हणा, वीस वर्षांतलं आमचं प्रत्येक पुस्तक त्यांच्या नजरेखालून गेलेलं. भले भले प्राध्यापक त्यांच्या पेन्सिलीला दबकून असत.

एकदा कामगार बायकांवरचं एक जाडजूड पुस्तक आलं. लेखिका निवृत्त प्राध्यापिका. विद्यार्थिनी असताना घेतलेल्या मुलाखती पस्तीस वर्षांनी छापत होत्या. नावं अर्थातच बदललेली. मी वेलांटींच्या समोरच बसायचो. दुपारी पाहिलं तर त्यांचं पान उलटेना.

"काय हो, बाईंनी फारच घोळ घातलाय का?"

त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. काडेपेटीच्या कारखान्यातली एक बाई. उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेलेली, नवरा परागंदा. मुलगा पुड्यांचे कागद उलगडून मोठ्याने वाचत बसतो.

"ही माझी आई," ते म्हणाले. "तो मी."

खाली त्या बाईचे शब्द होते: 'याच्या आधी मुलगी होती. तापाने फणफणली, पण रजा देईनात. शेजारणीकडे ठेवून गेले. आले तर पोर गार.'

आपल्याला बहीण होती, हे वेलांटींना पंचेचाळिसाव्या वर्षी प्रूफ वाचताना कळलं.

त्या संध्याकाळी घरी काय झालं, ते त्यांनी मला पुढे सांगितलं. आई खाटेवर बसली होती.

"आई, मला कधी बोलली नाहीस?"

"त्या पोरीने विचारलं, म्हणून बोलले. दुसऱ्या कुणी विचारलं होतं?" मग तिनेच विचारलं, "तिचं नाव छापलंय का रे?"

"नाही. पुढच्या ओळीत दुसरंच घातलंय."

"मग ती दुसऱ्याच कुणाची झाली," म्हणत आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. खरं नाव काय, हा प्रश्न तेव्हा वेलांटींच्या ओठांवर आला होता. आई रडेल, म्हणून तो त्यांनी गिळला. उद्या विचारू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखिकेला फोन केला. बाई गहिवरल्या. "आईंची हरकत नसेल तर खरं नाव घालू. काय नाव होतं?"

"घरी जाऊन विचारतो," वेलांटी म्हणाले.

घरी पोचले तेव्हा आई जमिनीवर पडलेली. अर्धांगाचा झटका. अकरा दिवस दवाखान्यात ती डोळे उघडून पाहायची. जीभ काही वळली नाही. वेलांटी तिच्या कानाशी एकेक नाव घेत बसायचे, आई मान हलवते का बघायचे. बाराव्या दिवशी ती गेली.

लेखिकेने जुन्या वह्या उपसल्या. तिथे नुसतंच लिहिलं होतं: पहिली मुलगी, वारली.

वेलांटी कामावर परतले. ते पान मी वाचतो म्हटलं, तर नको म्हणाले. एक अनुस्वार राहिला होता तो घातला, कोपऱ्यात सही केली आणि प्रुफं छपाईला दिली.