एकाच मापाचे चाळीस झगे

शिंपीणबाईंच्या दुकानाचा एक नियम होता: पडद्याआड घेतलेलं माप पडद्याबाहेर बोलायचं नाही. चिठ्ठीवर आकडे लिहायचे, ते जिचे तिलाच दाखवायचे. तीस वर्षांत किती तरी गुपितं घरच्यांआधी त्यांच्या फितीला कळली. पण बाईंनी कधी ब्र काढला नाही.

त्या बुधवारी पडद्याआड त्यांची धाकटी नणंद उभी होती. दोन लेकरांची आई, दुसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचलेली.

"वहिनी, हा ड्रेस कंबरेत जरा सैल कर," म्हणाली आणि रडायलाच लागली.

पुन्हा दिवस राहिले होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, हृदयाला झेपणार नाही, शुक्रवारी या, गर्भ काढावा लागेल. आणि रविवारी तर देशभर मतदान होतं: गर्भपाताची मुभा ठेवायची की काढून घ्यायची.

"रविवारपर्यंत थांबते. लोक काय म्हणतात ते कळू दे. सगळे नाही म्हणाले तर मी पापीण ठरेन."

बाकावर सासूबाई जपमाळ ओढत बसल्या होत्या. पडदा म्हणजे काही भिंत नव्हे.

"चार लोकांच्या तोंडून देवच बोलतो," त्या म्हणाल्या. पण माळेचा मणी चुकला.

शिंपीणबाईंनी फीत गळ्यात टाकली. "आई, ते चाळीस झगे आठवतात?"

न आठवून काय! शाळेच्या समितीनं हात वर करून ठरवलं होतं, सगळ्या मुलींना एकच मधलं माप. बाईंनी मान डोलावली आणि शिवले. एकीला काखेत काचला, दुसरीच्या पायात आला. सासू-सुना आठवडाभर उसवत बसल्या होत्या.

"हात वर करणाऱ्यांतल्या एकालाही तो झगा घालायचा नव्हता. आणि मीही शहाणी, मुलींना विचारलंच नाही."

"झगा आणि जीव एक का गं?"

"नाही ना, आई. झगा उसवता तरी येतो."

मणी थांबले. सासूबाई उठल्या, पडदा सारून लेकीसमोर उभ्या राहिल्या. "तुला काय वाटतं, बाळ?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मला जगायचंय, आई."

"मग शुक्रवारी मी येते सोबत. माळ काय, तिथेही ओढता येते." सुनेकडे वळून त्यांनी दटावलं, "आणि रविवारी मत काय द्यायचं ते मी नि माझा देव बघून घेऊ. तू मध्ये नाक खुपसू नकोस!"

नणंद रडता रडता हसली. शिंपीणबाईंनी कंबरेला नुसता कच्चा दोरा घातला.

"पुढच्या बुधवारी ये," त्या म्हणाल्या, "पुन्हा माप घेऊन पक्की शिवण घालते."