आणि इतर

“मॅडम, आज कुणी नाव घेतलं का?”

ग्रंथालयाच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून सर हे विचारायचे, तेव्हा नव्या माणसाला वाटायचं, यांना उचकी लागली असणार. सर विचारत असायचे साइटेशनचं. म्हणजे जगात कुठल्या संशोधकानं आपल्या लेखात त्यांच्या लेखाचा हवाला दिला का, ते. शिरूरच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल, त्यामुळे संगणकावर हे असलं बघायचं काम माझ्याच गळ्यात. “हो सर, एकानं घेतलंय,” म्हटलं की ते खिशातून मोबाइल काढत व्हरांड्यात जायचे. नाही म्हटलं, तर “बरं, उद्या बघू,” म्हणून वर्गाकडे वळायचे.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक माणूस, नावाची हाव असायचीच. मीही आधी तेच म्हणाले होते. पण ज्या नावाची ते चौकशी करायचे, ते नाव त्यांचं नव्हतंच.

लेख होता उपसा सिंचन संस्थांच्या आर्थिक व्यवस्थापनावर. नदीवर मोटर बसवून पाणी वर चढवायचं आणि शेतकऱ्यांनी ते मिळून चालवायचं, अशा संस्था घोड-भीमेच्या काठानं पुष्कळ निघाल्या आणि बऱ्याच बंद पडल्या. काही मात्र टिकल्या. त्या का टिकल्या, हे शोधत सर आणि त्यांचे एक मित्र मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचे. दोघंही दौंडचे, दोघंही आमच्याच कॉलेजात अर्थशास्त्राला. लेखाचं सार असं, की ज्या गावात मोटर चालवणारा शेवटच्या वाफ्याचा मालक असतो, तिथली संस्था टिकते. पाणी त्याच्या रानात सगळ्यांच्या मागून पोचणार, म्हणून तो मधल्या कुणाला जास्तीचं ओढू देत नाही. एवढी साधी गोष्ट, पण आधी कुणी मांडली नव्हती.

लेखावर नावं तीन. पहिलं मित्राचं, दुसरं तेव्हाच्या विभागप्रमुखांचं, म्हणजे आताच्या आमच्या प्राचार्यांचं, आणि शेवटचं सरांचं. प्रमुखांनी लेखासाठी काय केलं, हे कृपा करून विचारू नका. आमच्याकडे नावांचा पैरा चालतो. पेरणीला जशी आज तुझी बैलं माझ्या रानात आणि उद्या माझी तुझ्या, तसं ह्या वर्षी तुझ्या लेखावर माझं नाव, पुढच्या वर्षी माझ्या लेखावर तुझं. हवालेही तसेच, एकमेकांचे. बढतीचे गुण सगळ्यांनाच लागतात. सरांनी प्रमुखांचं नाव लावू दिलं, पण बदल्यात दुसऱ्या कुणाच्या लेखावर आपलं कधी लावलं नाही, आणि म्हणून मागे राहिले.

तीन नावं असली की हवाला देताना पहिल्याचं आडनाव लिहितात आणि पुढे ‘आणि इतर’. सर त्यावर छातीला हात लावून म्हणायचे, “आपण इतरांत. आपलं काय न्हाई. विचार त्याचा होता, मी नुसता लिहून काढला.”

मित्र लेख छापून यायच्या आधीच गेले होते. हिवाळ्यातली रविवारची सकाळ, न्हावऱ्याच्या रस्त्यावर दाट धुकं, आणि पुढे दिवा नसलेली उसाची ट्रॉली. दोघं बरोबर निघायचे होते, पण सरांच्या अंगात ताप होता, म्हणून मित्र एकटेच गेले. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी त्यावर बोलायचं नाही, हेही.

व्हरांड्यात जाऊन सर फोन करायचे तो मित्राच्या बायकोला. सर त्यांना वहिनी म्हणायचे, मग आम्हीही म्हणायला लागलो. वहिनी कुरकुंभच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. “वहिनी, आज ब्राझीलहून आलंय. एका पोरीनं नाव घेतलंय त्याचं. व्हय, पहिल्याच पानावर!” सर इतक्या मोठ्यानं सांगायचे, की वर्गातली मुलं खिडकीतून बघायची. पलीकडून वहिनी काय म्हणायच्या, ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही.

छापलेल्या लेखात मित्राच्या नावावर दिवंगत असल्याची छोटी खूण होती. सरांनी संपादकांशी भांडून ती काढायला लावली. “लेखकाला कशाला पाहिजे खूण? लेख जिता हाय ना?”

ह्याच्या पुढचं मात्र ऐका. परदेशातले लोक शंका विचारायला पहिल्या लेखकाला ईमेल करतात. सरांनी मित्राच्या नावानं ईमेल उघडून घेतला. ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या संगणकावर बसून ते त्याच्या नावानं उत्तरं लिहायचे. मी एकदा मागून वाचलं. सर स्वतः कसे, दहा वेळा ‘बहुतेक’ आणि ‘माझ्या अल्प मते’ म्हणणारे. ईमेलमधला हा माणूस फटकळ होता, थट्टेखोर होता, समोरच्याची चूक बेधडक सांगत होता. लिहिता लिहिता सर एकटेच हसत होते. मी विचारलं, “सर, हे काय?” तर शांतपणे म्हणाले, “त्याला आलंय. देतो उत्तर.” त्या दिवसापासून सर तिथं बसले, की मी शेजारची खुर्ची कुणाला घेऊ द्यायची नाही. हसू नका. तुम्हीही दिली नसती.

सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं, तेव्हा प्राचार्यांनी मनावर घेतलं. सरांना प्रोफेसरपदाला पहिलं नाव असलेला एक लेख कमी पडत होता. माणूस मनानं वाईट नाही. त्यांनी संपादकांना लिहून विचारलं. उत्तर आलं, सगळ्यांची संमती असेल, तर नावांचा क्रम बदलता येईल, आणि दिवंगत लेखकाच्या जागी वारसाची सही चालेल. त्यांनी वहिनींना बोलावून घेतलं आणि कागदपत्रं माझ्याकडे म्हणून मलाही केबिनमध्ये बसवलं.

“सर, फिरलात तुम्ही, लिहिलंत तुम्ही,” प्राचार्य म्हणाले. “पहिले तुम्ही व्हा. मी शेवटी जातो, माझं काही म्हणणं नाही.” काय हा मोठेपणा!

वहिनींनी बसल्या बसल्या सही केली. सरांनी पेन हातातसुद्धा घेतलं नाही. “वहिनी, ते त्याचं हाय,” म्हणाले, आणि नेहमीची हकिगत सांगायला लागले. इनामगावच्या पुढचं ते गाव, घोड नदीच्या काठी दोघं भेळ खात बसलेले, पंपावरचा म्हातारा शेवटच्या वाफ्याकडं बोट दाखवतोय, आणि मित्र एकदम मांडीवर थाप मारून म्हणतो, सापडलं! आम्ही ती इतकी ऐकलेली, की भेळीत कैरी होती, हेसुद्धा पाठ.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “त्या गावाला हे कवा गेले? तिकडंच तर पहिल्यांदा निघाले व्हते त्या दिवशी.”

एवढ्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. मित्र त्या गावाला पोचलेच नव्हते. सर नंतर एकटे गेले, म्हाताऱ्याशी एकटेच बोलले, भेळही एकट्यानंच खाल्ली असेल. विचार सरांचा होता, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

सर खाली बघत म्हणाले, “मला ताप नव्हता वहिनी. सासरे आले व्हते. घरी मटणाचा बेत व्हता. मी त्याला फोनवर म्हणालो, अंगात कणकण हाय, तू हो पुढं.” मग प्राचार्यांकडे वळून म्हणाले, “ह्यात माझं काय हाय सर? मी मटण खाल्लं.”

वहिनी काहीतरी बोलतील, म्हणून मी वाट बघत होते. सरही त्यांच्याकडेच बघत होते. वहिनींनी पेनाला टोपण लावलं, पिशवी उचलली, “माझी सेकंड शिफ्ट हाय,” म्हणाल्या आणि गेल्या.

सरांनी सही केली नाही. प्रोफेसर न होताच निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी मला कधी नावाचं विचारलं नाही, आणि वहिनींना फोनही केला नाही. एकदा मीच म्हटलं, “सर, करून बघा की फोन.” तर म्हणाले, “त्या काय म्हणतील ते ऐकायची छाती न्हाई.” निवृत्तीनंतर काही महिन्यांतच ते झोपेत गेले. कोपऱ्यातल्या संगणकावर मित्राच्या नावानं आलेले ईमेल तसेच पडून राहिले. मला ते उघडायचा धीर होत नाही.

दहाव्याला आम्ही दौंडला भीमेवर गेलो. पिंड मांडले, आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून होता, पण खाली उतरायचं नाव नाही. मग नेहमीसारखे सगळे पुढं होऊन शब्द द्यायला लागले. मुलगा म्हणाला, आईला एकटं ठेवणार नाही. प्राचार्य म्हणाले, “सर, तुमच्या नावानं दरवर्षी व्याख्यान ठेवतो.” कावळ्यानं पाठ फिरवली. व्याख्यानांना सरही असंच करायचे.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी पुढं झाले. “सर, क्रम बदलणार नाही. पहिलं नाव त्यांचंच राहील,” म्हटलं, आणि मला खात्री होती, की हेच ते. कावळा खाली आला, पिंडाभोवती फिरला आणि परत फांदीवर जाऊन बसला. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून उरकावं, असं भटजी म्हणायला लागले.

तेवढ्यात मागच्या बायकांतून वहिनी उठून आल्या.

“भावजी, ताप नव्हता, ते मला त्याच दिवशी कळलं व्हतं,” पिंडासमोर उभं राहून त्या म्हणाल्या. “तुमच्या घरनं मटणाचा डबा आला व्हता, ह्यांच्यासाठी. बातमी यायच्या आधी आला. राग व्हता, लई वर्षं व्हता. तुम्ही फोन करायला लागला, आन् मग कवातरी गेला. आता न्हाई. काय सुदिक न्हाई.”

“शिवला, शिवला,” कुणीतरी म्हणालं. लोक धोतरं झटकत उठले, बायका पिशव्या उचलायला लागल्या.

मी कावळा पाहिलाच नाही, मी वहिनींकडे बघत होते. त्या हात जोडून तिथंच उभ्या होत्या आणि आपल्याशीच म्हणत होत्या, “हापिसातच सांगायला पायजे व्हतं. समोर बसले व्हते की.”