दोनच थेंब

सिल्वासातल्या एका हॉटेलात बिअर बनवणाऱ्या दोन कंपन्यांनी मिळून बनवलेली बेल्जियन धाटणीची कडक बिअर चाखायला ठेवली होती. वडील जाऊन महिना झाला होता. घरी बसवेना, म्हणून मी गेलो. ग्लास समोर आला, पण उचलवेना. बाटली दिसली तरी रस्ता बदलणारे वडील अजून बघताहेत, असं वाटत होतं.

समोर कुठल्याशा कारखान्याच्या युनिफॉर्ममधला एक खानदेशी माणूस बसला होता. त्याने ग्लास आधी कानाशी नेऊन फेसाची चुरचुर ऐकली, मग बोट बुडवून जमिनीवर थेंब उडवले.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"गेलेल्यांसाठी. आधी त्यांचं, मग आपलं. तुमचं कोन गेलं, भाऊ?"

"वडील."

"घेत होते का?"

"कधीच नाही."

त्याने गंभीरपणे माझ्या ग्लासाकडे पाहिलं. "मंग दोनच थेंब द्या. माल कडक आहे, त्यांना सवय नाही. वरती चढली तर सांभाळणार कोन?"

मला हसू आवरेना. मी दोन थेंब उडवले आणि घोट घेतला. बिअर मनुकांसारखी गोड होती, मागून चांगलीच झोंबली. मग त्या माणसाची नजर चुकवून मी वडिलांना तिसरा थेंबही दिला.