आत्याच्या बोडीतला चुना

अन्याय माझ्या आत्यावर झाला. सत्तर साली, बुद्धपौर्णिमेच्या आठ दिवस आधी, सकाळी, आमच्या वस्तीच्या तोंडाशी जीप थांबली तेव्हा. मासे मेले ते नंतर.

मध्य प्रदेशात कटंगीकडच्या आमच्या गावात वस्तीमागे एक बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं. पंचायतीने ती पहिल्यांदाच आमच्यातल्या कोणाला दिली होती, तीही बजावून: एक साल मासे जगवून दाखव, मग पुढचं बघू. आत्या एकटी बाई. तिने रोहूचं बी सोडलं, कोंडा चारला, बगळे हाकलले. वैशाखात पाणी उतरलं, काठच्या झाडांचा पाला तळाशी कुजला आणि मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडू लागले. आत्याने पाणी जिभेला लावून पाहिलं. आंबट.

त्या दिवशी मासे खात्याचा साहेब पाटलाच्या तलावावर आला होता. तिथे खुर्ची, चहा, सगळं. चुना आधी नीट विझू द्यायचा, थोडा थोडा टाकायचा, दर वेळी कागदाची पट्टी बुडवून पाण्याचा आंबटपणा पाहायचा, हे त्याने पाटलाला बसून समजावलं. पट्ट्याही देऊन गेला. परतताना आत्या जीपला आडवी झाली.

"साहेब, मासे वर येऊन राह्यले. पाणी आंबलं."

"चूना डलवा दो, सब ठीक हो जाएगा," साहेब आतूनच म्हणाला.

"किती टाकू?"

जीप निघाली होती. आत्या धुळीत उभी राहून आमच्याकडे पाहून हसली. "खाली उतरला असता तं सरकारच्या पायाले चिखल लागला असता."

पौर्णिमेआधी आमची वस्ती चुना मारते, आधी विहार, मग घरं. उरलेला चुना कोणी घरात ठेवत नाही, ज्याची भिंत राहिली त्याला देऊन टाकतो. त्या साली चुना मारायची एकही भिंत राहिली नव्हती. बाया घमेली घेऊन बोडीवर आल्या. चुन्याच्या कळ्या धड विझल्याही नव्हत्या, घमेली हाताला गरम लागत होती.

"बाई, विहाराले देला, घराले देला, आता तुह्या मासोळ्याईलेही देतो," शेजारीण म्हणाली.

"हौ, ओता. त्याईचीही पौर्णिमा होऊ द्या."

पौर्णिमेच्या सकाळी विहारात खीर शिजत होती आणि बोडीवर मासे उलटे पडले होते, कल्ले जळलेले. आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेक टोपलीत टाकत होती. कोणी खिरीची वाटी आणली. ती काठावरच राहिली.

"पांढरं पाणी पाहून मले बरं वाटलं होतं," एवढंच ती बोलली.

पुढे बालाघाटला कॉलेजात शिकलो, पाण्याला पचवायची एक ताकद असते. थोडा चुना, थोडा आंबटपणा ते सोसतं. ताकद संपली की एका रात्रीत उलटतं. उन्हाळ्यातल्या ओंजळभर बोडीत ती ताकद कुठून असणार? हे सांगायला साहेबाला चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असता.

पंचायतीने बोडी परत घेतली. म्हणे, ह्या लोकांना पाणी सांभाळता येत नाही. आत्या आता बोडी टाळून शेतावर लांबच्या वाटेने जाते.

वाचणाऱ्या, तुझ्या गावातही जीप येईल. तिच्यापुढे उभा राहा. साहेबाला खाली उतरव, सगळ्यात शेवटच्या बोडीपर्यंत चालव, पाण्यात हात घालायला लाव. किती टाकायचं ते तो सांगेपर्यंत वाटेतून हटू नकोस.