कडकबाईंचा नवा कीबोर्ड

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघरात ती एकोणीस वर्षं मुकादम होती. खळ घातलेल्या चादरींमुळे म्हणा की जिभेमुळे, सगळे तिला कडकबाई म्हणायचे. यंत्रांच्या घरघरीवर चढणारा आवाज फक्त तिचाच. एक घडी वाकडी पडली तरी ती समोरच्याची बिनपाण्यानं करायची. तिनं कुणाचे आभार मानल्याचं मात्र कुणालाच आठवत नाही.

एका सकाळी घडी घालताना चादरीचं टोक तिच्या उजव्या हातातून सुटलं. समोरच्या बाईनं ओढलं असं वाटून ती खेकसली, पण तोंडातून शब्दांचा नुसता लगदा बाहेर पडला. तिला तिथूनच थेट वरच्या मजल्यावर नेलं. जीव वाचला. उजवा हात गेला, जीभ वळेनाशी झाली. डोक्यात शब्द सगळे शाबूत होते, त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती.

मुलीनं हातात फोन दिला. कीबोर्डवरची अक्षरं मुंगीएवढी. थरथरत्या डाव्या अंगठ्याखाली एकदम तीन-तीन यायची. 'पाणी' लिहायला जावं तर 'फपमब' उमटायचं. दुसऱ्या दिवशी तिनं फोन भिंतीवर भिरकावला.

मग बोलायचा सराव घेणाऱ्या ताईनं फोनमध्ये दुसरा कीबोर्ड टाकून दिला. त्यात अक्षरं शाळेतल्या क्रमानं होती, चांगली बोटभर रुंद. बोट सेकंदभर टेकलं तरच अक्षर उमटायचं, त्यामुळे हात थरथरला तरी निभावायचं. लिहिलेलं फोन मोठ्यानं वाचून दाखवायचा. शिवाय एकदोन अक्षरं टाकली की वर तयार वाक्यं यायची.

त्या संध्याकाळी घरी तिनं 'पा' लिहिलं आणि वर आलेल्या वाक्यावर बोट ठेवलं. फोन गोड आवाजात म्हणाला, "कृपया मला थोडं पाणी द्याल का?"

मुलीनं पाणी दिलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन रडली.

सात महिन्यांनी धुलाईघरानं तिला परत घेतलं, तपासणीच्या टेबलावर. पहिल्याच दिवशी यंत्रावरच्या माणसानं दमट चादरींचा गठ्ठा आणून ठेवला. तिनं 'चादर' एवढं लिहिलं आणि घाईत वरचं वाक्य दाबलं.

"चादर ओली झाली आहे. कृपया बदलून मिळेल का?" फोननं विचारलं.

"मिळेल की, बाई!" तो म्हणाला. "आजारपणानं अगदी मऊ झालात हो तुम्ही!"

सगळे हसले. कडकबाईंचा चेहरा उतरला.

दुपारी तिनं वर ताईकडे जाऊन बराच वेळ खपून लिहिलं, "हे माझं बोलणं नाही. काढ."

"अहो, मग एकेका वाक्याला चार मिनिटं लागतील."

"लागू देत."

"मग तुमचीच दहा वाक्यं भरून देते ना."

ती पुन्हा अक्षरं शोधायला लागली. "शिव्या ताज्याच हव्यात," फोन म्हणाला. ताईनं हसून तयार वाक्यं बंद केली.

घरी ते कळल्यावर मुलीनं विचारलं, "आई, म्हणजे ते पाण्याचं 'कृपया' फोनचंच होतं ना?"

तिनं काहीतरी लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी फोन म्हणाला, "चहा टाक." मुलीनं चहा टाकला. पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या आठवड्यात यंत्रावरच्या माणसानं आणखी एक गठ्ठा आणला. ती एकेक अक्षर दाबत बसली. तो समोर उभा. करायला काही नाही म्हणून चादरी चाळायला लागला, आणि तिसरी शिवणीत उसवलेली निघाली.

"दिसलं, बाई. नेतो."

तिनं डावा हात वर करून त्याला थांबवलं आणि वाक्य पुरं केलं. फोननं त्याच गोड आवाजात विचारलं, "डोळे घरी ठेवून आलास का?"

या वेळी कुणी हसलं नाही. त्यानं गठ्ठा उचलला.

निवृत्त होईपर्यंतची तीन वर्षं हे असंच चाललं. तो माणूस आता स्वतः मुकादम आहे. तो सांगतो, आधी ती बोलायची तेव्हा या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देता यायचं. नंतर चार-चार मिनिटं तिच्या बोटाकडे बघत उभं राहावं लागायचं, आणि तोवर आपली चूक आपल्यालाच सापडायची.