रेणुकाच्या तारखा

रोज सकाळी साडेनऊला रेणुका माझ्या दारात पाणी मागायला यायची. तिच्या घरात नळ होता, माठ होता, दिवाळीला नवऱ्याला कंपनीतून मिळालेला फिल्टरही होता. तरी ती यायची, कडेवरच्या धाकटीला माझ्या शिलाई मशीनजवळ बसवायची आणि म्हणायची, "अर्धाच गिलास द्या, काकू. पुरा पिले तर आत्याबाई म्हणतील, घरचं पाणी कडू लागायलंय का." मी बटणांच्या डब्यातून गोळ्यांची पट्टी काढून द्यायचे. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, आणि ही पट्टी त्यांच्या नजरेला पडू द्यायची नव्हती.

निघोजेत आमच्या खोल्या समोरासमोर. रेणुका परभणीकडची, वय सव्वीस. थोरली होईपर्यंत ती चाकणला वायरिंगच्या कंपनीत क्वालिटीला होती आणि त्याचा तिला भारी अभिमान. मी शिवलेल्या ब्लाउजची काजं डोळ्याजवळ धरून तपासायची आणि बिनदिक्कत म्हणायची, "काकू, हे रिजेक्ट." मला राग यायचा, पण काज खरंच वाकडं असायचं.

धाकटीच्या वेळी तिचं बीपी इतकं चढलं की जिवावर बेतलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत. बाळ अंगावर पीत होतं, बीपीचा त्रास होताच, म्हणून तिला एकाच हार्मोनची गोळी दिली. रोज एक, ठरलेल्या वेळी, मध्ये एक दिवसही खाडा नाही. सासूबाईंना मात्र नातू हवा होता. बाई वाईट नव्हत्या. नातींना रोज मायेनं तेल लावायच्या, मलाही गरम भाकरी आणून द्यायच्या. पण दोन मुलींवर थांबायचं हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. नवऱ्याला गोळ्यांचं माहीत होतं, पण आईपुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती.

गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत रेणुकाची पाळीच थांबली. असं होऊ शकतं, घाबरू नका, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. पण त्या घरात अजून चार दिवस बाजूला बसायची रीत, आणि सासूबाई दाराआडच्या कॅलेंडरवर सुनेच्या तारखेला फुली मारायच्या. फुली चुकली की एकतर पेढे, नाहीतर चौकशी. रेणुकाने त्यावर तोड काढली. दर महिन्याच्या पाच तारखेला ती आपणहून दाराशी सतरंजी टाकून बसू लागली. वेगळं ताट, वेगळा तांब्या, कंबर धरून कण्हणंसुद्धा.

"एवढं नाटक कशाला गं?" मी एकदा विचारलं.

"खोटं असलं तरी टायमावर पाहिजे, काकू. आन् चार दिवस आयतं खायला मिळायलंय की!"

मी हसले, पण मला ते बरं वाटलं नव्हतं. उद्या खरंच काही झालं तर ही ओळखणार कशावरून, असं मनात येऊन जायचं. आलं तसं मी ते झटकूनही टाकायचे.

त्या उन्हाळ्यात देहूला माझे मेहुणे वारले. फोन आला तशी मी दाराला कुलूप घालून निघाले आणि तिसऱ्या दिवशी परतले. पट्टी आतच राहिली होती. किल्ली रेणुकाकडे द्यायचं मला सुचलं नाही, हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. गावातल्या मेडिकलवाल्याची आई सासूबाईंच्या भजनी मंडळातली, म्हणजे तिथे जाऊन दुसरी पट्टी मागायचीही चोरी.

"दोन हुकल्या, काकू," ती म्हणाली.

"मग दोन-चार दिवस जप. नवऱ्याला सांगितलंस का?"

"दोन दिवसानं काय व्हायलंय?" काजाचा एक टाका न सोडणारी पोरगी असं म्हणाली.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या पाच तारखेला सतरंजीही पडली. त्यानंतर काही दिवसांनी तिला रक्ताचे डाग दिसू लागले आणि ओटीपोटात एका बाजूला कळ येऊ लागली. गोळीनंच असेल, असं ती म्हणत राहिली. मग एका सकाळी तिला धाकटीला उचलता येईना. खांदा ठणकत होता, चेहरा पांढराफटक. नवरा कंपनीत लाइनवर, मोबाइल गेटवर जमा. सासूबाई आणि मी तिला रिक्षाने जवळच्या एका दवाखान्यात नेलं.

"पाळी कधी आली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच तारखेला," सासूबाईच बोलल्या. "महिन्याच्या महिन्याला येती. एक दिवस इकडं न्हाई का तिकडं."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात रेणुकाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. डॉक्टर म्हणाले, गॅस असेल. एक इंजेक्शन दिलं आणि आम्हाला घरी पाठवलं.

दुपारी तीनच्या सुमारास ती मोरीत कोसळली. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचताच, समोर दिसलेल्या पहिल्या डॉक्टरीणबाईला मी सगळं सांगून टाकलं. गोळ्या, हुकलेले दोन दिवस, खोटी तारीख. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "गर्भनळीत गर्भ राहून नळी फुटली असणार. सकाळीच का नाही सांगितलंत?" एवढं बोलून ती बाई स्ट्रेचरमागे धावली. संध्याकाळी तिनेच बाहेर येऊन रेणुका गेल्याचं सांगितलं.

सासूबाई बाकावर माझ्याशेजारी बसून होत्या. त्या मला शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होते. खरं तर मला त्या शिव्या हव्याच होत्या.

"तारखा खोट्या हायती हे मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "घरातलं धुणं मी धुते, मला कळणार न्हाई व्हय? म्हणलं, लेकरू चार दिवस तरी बसून खाईल."

"मग सकाळी डॉक्टरांना पाच तारीख का सांगितलीत?"

"परक्या माणसासमोर सुनेला खोटी कशी पाडू, बाई?"

म्हणजे सकाळी त्या दवाखान्यात आम्हा तिघींनाही खरं ठाऊक होतं, आणि तिघींनी एकमेकींची लाज राखली.